चारच्या सुमाराचे क्लिक

हेमाताईंच्या आंबापोळीची जाहिरात इंटरनेटवर लागून महिना झाला होता. भाची उर्वी ती मुंबईहून सांभाळायची. जाहिरातीवर क्लिक केलं की हेमाताई ताटात रस पसरतायत असा व्हिडिओ दिसायचा. रोज तीस-चाळीस जण तो बघतायत म्हणून त्या खुशीत होत्या.

एक दिवस उर्वीचा फोन आला. "मावशी, सगळे क्लिक तुमच्या रत्नागिरीतूनच येतायत. एकाच कॉम्प्युटरवरून, रोज चारच्या सुमारास. ऑर्डर मात्र एकही नाही. दर क्लिकला आपले पैसे जातात ना, म्हणून कुणीतरी मुद्दाम करतंय."

हेमाताईंचा संशय सरळ पलीकडच्या आळीतल्या हौसाबाईंवर गेला. त्याही आंबापोळी विकायच्या, आणि हल्ली समोर आल्या तरी मान वळवून जायच्या. त्यांच्या घरी कॉम्प्युटर नव्हता, म्हणजे हे काम सायबर कॅफेतूनच चाललं असणार.

दुपारी नवरा वाचनालयात गेला की हेमाताई घराला कुलूप लावून निघायच्या आणि एकेका सायबर कॅफेत डोकावून यायच्या. तिसऱ्या दिवशी मारुती मंदिराजवळच्या कॅफेत, कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर त्यांना स्वतःचेच रस पसरणारे हात दिसले. समोरच्या खुर्चीत त्यांचे यजमान, भास्करराव बसले होते.

"अहो, तुम्ही?"

भास्कररावांनी चष्मा काढून हातात धरला.

"पहिले आठ दिवस कुणी बघितलंच नाही गो. तू रोज उर्वीला फोन करून आकडा विचारायचीस, आणि मग पानावरून अर्धवट उठायचीस."