सोबतीण

"बाबा, एक डाव खेया नं."

धर्मपाल दारातच थबकला. दिवाळीपासून मोनाली मधूनच एकटी बोलायची. गेले तीन दिवस तर ती बोलत होती, पण घरातल्या माणसांशी नाही. समोरच्या खोलीत आढ्यापर्यंत रचलेल्या कापसाशी. भाव वाढेल म्हणून दिवाळीत आणून टाकलेला तो कापूस होळी आली तरी तिथंच होता, आणि त्यातल्या किड्यांनी सगळं घर अंग खाजवत होतं. त्याच ढिगाला पाठ लावून ती मोबाइल घेऊन बसली होती. डाव्या गालावर सकाळची चार बोटं अजून उमटलेली होती.

ती बोटं धर्मपालचीच. माणूस वाईट नव्हता हो, पण एकदा डोक्यात बसलं की बसलं. त्याच्या बापानं सत्तावन्न साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि घरातले देव टोपल्यात भरून नदीत सोडले होते. अशा घरात भूत शिरेल कुठून? शेजारच्या भुरीबाईनं पोरीला भगताकडे न्यायचं सुचवलं, तर त्यानं तिला अंगणातूनच वाटेला लावलं. तिथवर त्याचं बरोबरच होतं. पण बायको, कांताबाई, म्हणायची, "भूत नाही, मंग दवाखान्यात तरी न्या." त्यावर त्याचं एकच. "भूत नाही, मंग दवाखाना कायले? निस्ती नाटकं हायेत." कांताबाई विळा घेऊन शेतात हरभरा सोंगायला निघून जायची. आजही गेली होती.

पोरगी आपल्याशी बोलली याचाच त्याला एवढा आनंद झाला, की तो चप्पल न काढताच तिच्याजवळ येऊन बसला.

मोबाइलमध्ये जंगल होतं. तलवारवाला एक गडी पुढे चालला होता आणि त्याच्या मागोमाग भाला घेतलेली एक पोरगी.

"हे कोन?"

"माही सोबतीण. सुरुवातीपासून संगं हाय. मी पडली का तीच उचलते मले." मोनालीनं मोबाइल त्याच्या हातात दिला. "आता पुढं तिच्यात थो शिरते, भुतावानी. डोये पांढरे होतात तिचे, आन् मंग आपल्यालेच मारते."

"मंग काय करा लागते?"

"काहीच नाही. हे बटन दाबून ढाल धरून उभं राहा लागते. थो दमते, मंग ती येते वापस." ती जरा थांबली. "तिले मारू नका, बाबा. थोडासा मार खाऊन घ्या."

धर्मपाल मान हलवून खेळायला लागला. दोन वळणं नीट गेली. तिसऱ्या वळणावर त्या पोरीचे डोळे पांढरे झाले आणि ती भाला घेऊन त्याच्याच अंगावर आली. एक घाव बसला. दुसरा बसला. मोबाइल हातात थरथरला तसा धर्मपालचा अंगठा आपोआपच दुसऱ्या बटनावर गेला आणि त्यानं ते दाबलं, दाबतच राहिला.

पोरगी खाली पडली.

"पाह्य, काढलं का नाही भूत?" तो हसून म्हणाला.

तिच्या अंगातून काळा धूर निघाला आणि झाडाखाली जाऊन माणसाएवढा उभा राहिला. त्याला साधा ओरखडाही आला नव्हता.

"थो तर थे पाहा, उभा हाय," मोनाली म्हणाली. "तीच गेली."

धर्मपालनं आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. मग तिच्या गालाकडे पाहिलं. "वापस सुरू कर. आता नाही मारत मी," तो म्हणाला. पण मोनालीचं लक्ष नव्हतं. तिनं मान वळवून कापसाला कान लावला होता.

दिवाळीपासून त्यानं तिला एक गोष्ट कधी विचारली नव्हती. विचारली असती, तर काहीतरी आहे हे मान्य करावं लागलं असतं. ती त्यानं आज विचारली.

"काय म्हनते थो तुले?"

मोनालीनं कापसावरचा कान काढून त्याच्याकडे पाहिलं. हे कोणी विचारील असं तिला वाटलंच नव्हतं.

"नाटकं बंद कर म्हनते. मर एकडावची म्हनते."

"पन हाय कोन थो?"

"कोन हाय थे नाही मालूम," ती म्हणाली. "आवाज तुमचा हाय."

धर्मपालनं तोंड उघडलं. सांगायचं खूप होतं. उद्याच्या पहिल्या एसटीनं यवतमाळला जाऊ, मोठ्या डॉक्टरला दाखवू, मी संगं येतो. पण सांगणार कोणत्या आवाजात? तो तिच्याजवळ सरकला आणि तिच्या केसांत अडकलेला कापूस, एकेक पुंजका, काढत बसला.