पिल्लाला लावलेली सवय

दोन महिन्यांचं पॉमेरेनियन पिल्लू घरी आणलं, तेव्हा जनावरांच्या डॉक्टरांनी तिला बजावलं, "जागा चुकली तरी ओरडायचं नाही. कागदावर शू केली की कौतुक करायचं. बाळ आहे ते अजून."

तिने आठवडाभर रजा काढली. बाल्कनीच्या दाराशी वर्तमानपत्रं अंथरली आणि दर दोन तासांनी पिल्लाला तिथे नेऊ लागली. गालिचा तीनदा ओला झाला, पण तिच्या कपाळाला आठी पडली नाही. एरवी खोलीबाहेर न येणारी आईसुद्धा दारात उभी राहून हे सगळं बघायची.

शनिवारी सकाळी पिल्लू आपणहून कागदावर जाऊन बसलं. "शाबास रे माझ्या राजा!" तिने त्याचा मुका घेतला आणि त्याला कडेवर घेऊनच बिस्किट आणायला स्वयंपाकघरात गेली.

परत आली, तर गाऊन गुडघ्यांवर गोळा करून आई त्याच कागदावर उकिडवी बसली होती.

"आई! अगं, हे काय?"

आईने दचकून वर पाहिलं.

"आज चादर नाही गं ओली केली. इथं केलं की तू रागवत नाहीस ना?"