पलंगामागचा प्लग

अमेरिकेतून सुट्टीवर आलेल्या नीलने बाबांसाठी होम थिएटर आणलं. सबवूफरची केबल त्याने रिसीव्हरला जोडली आणि सबवूफरला वेगळी वीज लागते म्हणून पलंगामागचा प्लग काढून तिथे सबवूफरचा खुपसला. सुभानपुऱ्यातलं घर दणाणलं. निरुपमा स्वयंपाकघरातून धावत आली. “अरे, ह्यांच्या हवेच्या गादीचा पंप बंद केलास?” “बे मिनिट, दोनच मिनिटं, आई! बाबांसाठीच तर आणलंय.” पक्षाघाताने वाचा गेलेले लक्ष्मीकांत बसत चाललेल्या गादीवरून नुसते बघत होते. निरुपमाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने सबवूफरचा प्लग उपटला, पंप लावला, नवऱ्याला कुशीवर वळवलं आणि सदरा वर केला. “बघ. वर्षभर फोनवर विचारतोस ना, बाबा कसे आहेत?” सतत पडून राहून झालेल्या जखमांनी सोलवटलेली ती पाठ नीलने पहिल्यांदाच पाहिली. तिने त्याच्या हातात मलमाची ट्यूब कोंबली. “हात साबणाने धू आणि लाव. हलक्या हाताने.”