जावयाची गाजलेली रहस्यकथा

लेखक जावयाने आपली सगळ्यात गाजलेली रहस्यकथा सासूबाईंच्या हाती दिली आणि त्या शेवटच्या पानावर पोचेपर्यंत तो सोफ्याभोवती घुटमळत राहिला.

"ओळखलात का खुनी?"

"स्वयंपाकीण. सुरुवातीलाच कळलं."

जावयाला उकळ्या फुटल्या. "फसलात! डॉक्टरने केला खून. शेवट वाचलात ना?"

"वाचला की. पण जावईबापू, विष सूपमध्ये होतं ना? मग डॉक्टर घरात आला तेव्हा तर तो माणूस सूप पिऊन आडवा झाला होता."

"छे, असं कसं होईल!" म्हणत जावयाने पुस्तक उचललं, खोलीचं दार लावलं आणि घाम पुसत पानं उलटली.



निर्दोष डॉक्टर फासावर गेला होता, आणि शेवटच्या पानावर जावयाचा चतुर डिटेक्टिव्ह त्याच स्वयंपाकिणीच्या हातचं सूप मिटक्या मारत पीत होता.