कंपासकाकांचा वाकडा मग

चाकावर मातीचे मग घडवण्यात काकांची तीस वर्षं गेली होती आणि हात इतका बसला होता, की अख्खा कारखाना त्यांना कंपासकाका म्हणायचा. नेमका तोच हात आता त्यांच्या मुळावर आला.

“काका, हे हाताने केलेले वाटतच नाहीत हो!” सुपरवायझरबाई वैतागल्या. “सगळे जुळी भावंडं! गिऱ्हाइकाला प्रत्येक मग वेगळा, जरा वेडावाकडा हवाय. संध्याकाळपर्यंत एक तरी वाकडा काढा, नाहीतर उद्यापासून चाक बंद आणि तुम्ही पॅकिंगला.”

काका लगेच चाकावर बसले. त्यांनी डोळे मिटून मग केला, डाव्या हाताने केला, सासूबाईंचा चेहरा आठवूनसुद्धा केला. मग आपला गोल तो गोलच! शेजारचं मग बनवणारं यंत्र मात्र पट्टा सैल झाल्यापासून झिंगल्यासारखं चाललं होतं, त्याचा एक मग दुसऱ्यासारखा निघेल तर शपथ.

संध्याकाळी बाईंनी दोन्ही ढीग पाहिले, कपाळाला हात लावला आणि सरळ लेबलंच बदलून टाकली. यंत्राच्या मगांवर ‘हाताने घडवलेला’, काकांच्या मगांवर ‘यंत्रावर बनवलेला’. काकांचं चाक वाचलं! त्या आनंदात ते घरी शीळ घालत गेले.


सकाळी मेकॅनिक तेलाची बुधली घेऊन काकांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, “यंत्रांच्या यादीत आता तुमचं नाव आहे काका, करा बघू कोपर पुढे!”