मिरची जास्त झाली

अंगणात विटांवर खिडकीची जुनी जाळी टाकून अतुल मटन भाजत होता. बोकडाच्या मांडीचे हाड काढलेले जाडजूड तुकडे, वरून मसाला चोळलेला. नागपूरच्या ज्या हॉटेलात तो स्वयंपाकी होता, तिथं याला स्टेक म्हणतात आणि लोक त्यासाठी गाड्या काढून येतात. दिग्रसात याला काय म्हणावं ते घरात कुणालाच माहीत नव्हतं.

"याले रस्सा नाही का?" त्याच्या आईनं, मथुराबाईनं विचारलं.

"नसते माय. वरून लोणी राह्यते."

लोण्यात त्यानं लसूण आणि चिरलेला हिरवा सांबार, म्हणजे कोथिंबीर, कालवून ठेवला होता. मसाला मात्र मथुराबाईनं खलबत्त्यात कुटलेला. मिरे, धने, घरचं तिखट. हॉटेलात मोठमोठ्या लोकांना करून घालतो, पण घरी आला की मसाला आईच्याच हातचा लागतो, याचा तिला कोण अभिमान!

त्याचा बाप, धर्मपाल, बाजेवर बसून बघत होता. जन्मभर खर्रा चघळला या माणसानं. सुपारी-तंबाखूनं तोंड असं खाल्लं, की ऑपरेशननंतर जेमतेम चमचा आत जायचा. मटनाचा एवढा शौकीन, आता पेजेवर दिवस काढत होता आणि धुराकडे नाक करून बसला होता.

बापाचं पाहून अतुलनं खर्रा सोडला होता. म्हणजे, तो तसं सांगायचा. आत्ताही घरामागे जाऊन, नळावर दोन-तीनदा चुळा भरून आला. धुरानं घसा सुकला असेल, असं मथुराबाईला वाटलं. आईला वाटायला काय लागतं!

तुकडे उतरले. त्यांच्यावर लोण्याचा गोळा ठेवला, तो पसरत गेला. पहिला घास अतुलच्या बायकोनं, ममतानं घेतला.

"लय भारी झालं!"

मग अतुलनं घास घेतला. दोनदा चावला आणि त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"काय व माय, केवढी मिरची टाकली! तोंड पोळलं न पुरं."

"तिखट? कुठी?" ममता हसली. "मले त लागलंच नाही. अजून चाललं असतं."

मथुराबाईनं त्याच्या ताटातला तुकडा तोडून तोंडात टाकला. तिखट नव्हतं. तिचा चेहराच उतरला.

धर्मपालच्या ऑपरेशनआधी हेच भांडण या घरात वर्षभर चाललं होतं. धर्मपाल ताट सरकवून द्यायचा. "तुले आता मिरचीचा अंदाज राह्यला नाही," म्हणायचा, चारचौघांत म्हणायचा. तिनं मिरची कमी केली, मग बंदच केली. तरी त्याचं तोंड पोळायचं आणि बोलणी तिनं खायची. शेवटी दवाखान्यात डॉक्टरनं तीन बोटं जोडून उभी धरली. म्हणाला, एवढी तोंडात गेली पाहिजेत. धर्मपालच्या तोंडात दोनच गेली.

मथुराबाईनं पदराला हात पुसला. अतुलसमोर बसून तीन बोटं उभी धरली.

"आ कर."

"काय माय, सगळ्यायसमोर..."

"आ कर म्हणते न."

त्यानं ममताकडे बघून हसायचा प्रयत्न केला. मग तोंड उघडलं. दोन बोटं आत गेली. तिसरं दातावर अडलं.

"अजून उघड."

"एवढंच उघडते," तो खाली बघत म्हणाला.

बाजेवरून धर्मपाल काहीतरी बोलला. काय ते कुणाला कळलं नाही. जाळीवर राहिलेला शेवटचा तुकडा करपत होता, पण उठून कुणी तो काढला नाही.

मथुराबाईनं हात मागे घेतला. नवऱ्याकडे बघितलं.

"मिरची बरोबरच होती," ती म्हणाली. "तव्हाही बरोबरच होती."