मेंढराला कोण विचारतं

नातीचं, राजनंदिनीचं लग्न झालं त्या साली मेंढपाळ बिरप्पाचा पाय चिघळला. लग्नात घातलेलं नवं पायताण अंगठ्याला चावलं, अंगात साखर होतीच, जखम काळी पडली. सांगोल्याकडच्या गावातून त्याला सोलापूरला दवाखान्यात आणलं. डॉक्टरीणबाई रोज एकच सांगत होत्या. आता अंगठा काढला तर पाय वाचेल. विष रक्तात गेलं तर माणूसच राहणार नाही.

बिरप्पा रोज नाही म्हणत होता. नुसतं नाही म्हणाला असता तर अंबुबाईनं, त्याच्या बायकोनं, सोसलं असतं. पण तो समजावून सांगायचा. गावात कुणाचा बांध कोरला, कुणाची सून माहेरी जाऊन बसली, की बिरप्पाला बोलावणं यायचं. तो बोलायला लागला की समोरचा आपली बाजू विसरायचा. तीच जीभ घेऊन तो आता खाटेवर बसला होता आणि अख्खा वॉर्ड ऐकत होता.

त्या सकाळी अंबुबाई पदर खोचून त्याच्यासमोर उभी राहिली. चहा पितानाच तिनं मनात सगळं जुळवलं होतं.

"अवो, मेंढराचं खूर सडलं की तुमी काय करता? चाकूनं तासता का न्हाय? त्ये वरडतं म्हणून सोडता व्हय?"

शेजारच्या खाटेवरचा रुद्रप्पा उठून बसला. कुंभारी गावचा, टॉवेलच्या कारखान्यात काम करणारा. त्याच्याही पायाचं तेच झालं होतं आणि त्यानंही अजून होकार दिला नव्हता.

बिरप्पानं हसून मान डोलावली. आधी समोरच्याचं मान्य करायचं, ही त्याची जुनी रीत.

"खरं हाय तुजं. तासतो की. पर मला सांग, तासायच्या आदी मी मेंढराला इचारतो का?"

"न्हाय."

"का न्हाय?"

आता हा कुठं नेणार ते अंबुबाईला दिसत होतं, पण थांबवता येत नव्हतं.

"कारण माजी खात्री असती! ही बाई रोज येऊन इचारती, सही मागती. का? तिचीच खात्री न्हाय." मग त्यानं आवाज खाली आणला. "माजा बा उभ्या जन्मात दवाखान्याची पायरी चढला न्हाय. सगळी बोटं घिऊन सरणावर गेला."

वॉर्ड हसला. नर्ससुद्धा हसली. रुद्रप्पानं मांडीवर थाप मारली. "बरोब्बर बोललात पावणं!"

"डोंबलाचं बरोबर!" अंबुबाई ओरडली. "तुमचा बा डोस्क्याचं क्यास काळं हुतं तवाच गेला. कशानं गेला त्ये सांगा की समद्यांस्नी!"

"बायकू वरडाया लागली की समजावं, मुद्दा संपला," बिरप्पा वॉर्डाकडे वळून म्हणाला.

पुन्हा हशा. अंबुबाईनं कपाळावर हात मारला. तिचं खरं होतं; पण ऐकायला त्याचं बरं वाटत होतं.

दुपारी रुद्रप्पाची बायको, महेश्वरी, पिशवीत कपडे भरताना दिसली.

"घरी चाललो आम्ही. ह्यांनी हट्टच धरलाय," ती म्हणाली. "म्हणतात, डॉक्टरांचीच खात्री नाही."

अंबुबाईनं तिचा हात धरला. "अगं, आमच्या ह्यांचं काय ऐकता! त्यांना बोलायची खोड हाय."

पण रुद्रप्पा तोवर बिरप्पाच्या पाया पडून दारापर्यंत पोचला होता.

दिवस कलताना बिरप्पाला हीव भरलं. दातावर दात वाजायला लागले. अंबुबाईनं सहीचा कागद आणला आणि पेन त्याच्या बोटांत अडकवलं.

"अगं, पर माजं म्हणणं..."

तिनं कागद त्याच्या पुढ्यात सरकवला. त्यानं सही केली.

अंगठा गेला, पाय राहिला. श्रावणात बांधाच्या भांडणासाठी गावातला जोतिराम बोलवायला आला. बिरप्पा काठी टेकत उठलाच होता. अंबुबाई दारात आडवी उभी राहिली. तिच्या हातात फोन होता.

"जोतिरामा, जा तू. हे येत न्हाईत."

"का गं?" बिरप्पा म्हणाला.

"कुंभारीहून महेश्वरीचा फोन हुता."

बिरप्पा काठी भिंतीला लावून खाली बसला.

रुद्रप्पा त्याच साली, नागपंचमीच्या आदल्या दिवशी, आपल्या घरी वारला.